हसू येईपर्यंतचा घास

ज्येष्ठ लागला की लालासाहेबांच्या सोप्यात बियाणाच्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडायचा. बियाणाची शेंग हातानेच फोडावी लागते. ठेचली, बडवली की दाण्याची तांबडी साल निघते, आणि साल निघालेला दाणा रानात टाकला काय आणि चुलीत टाकला काय, सारखेच. म्हणून गल्लीतल्या बायका दुपारची भांडी उरकून यायच्या, भिंतीला पाठ लावून ओळीने बसायच्या आणि अंगठ्याने शेंगा फोडायच्या. जाताना फुटके दाणे आणि चुलीला टरफले घेऊन जायच्या.

या कामाची एक रीत होती. फोडणाऱ्या बाईने गप्प बसायचे नाही. गाणे म्हणावे, सुनांच्या चहाड्या कराव्यात, काहीही करावे, पण तोंड चालू ठेवावे. गप्प बसलेली बाई म्हणजे खाणारी बाई, असे लालासाहेबांच्या घरधनिणीचे, शालूबाईंचे, ठाम मत होते. त्या उंबऱ्यावर बसून साऱ्यांच्या गालांकडे बघत.

अंजना लग्न होऊन आष्ट्याजवळच्या या गावात आली, त्याच वर्षी तिच्या गोष्टींची सोप्यात वर्णी लागली. तिला माहेरापासून गोष्टी सांगायचा नाद. आणि त्याही भीतीच्या. पडक्या देवळातला खोकला, विहिरीत आपोआप हलणारा पोहरा, असल्या. पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. गोष्ट ऐन भरात आली, बायका श्वास धरून बसल्या, आणि एकेकीचा हात नकळत तोंडाकडे जाऊ लागला. भीती वाटली की माणूस काहीतरी चावते. इथे चावायला शेंगदाणेच होते.

"अंजे," शालूबाई कडाडल्या, "तुझ्या भुतानं माझं निम्मं बी खाल्लं की गं!"

तेव्हापासून अंजना शिकली. कुणी शिकवले नाही, तिच्या कानांनी तिला शिकवले. शेंगा फुटण्याचा कडकड आवाज चालू असेल तर गोष्टीत अजून जीव आलेला नाही. आवाज मंदावला की भीती लागू पडली. आवाज अगदी थांबला की आता हात वर जाणार, त्याच्या आत कुणाला तरी हसवायचे. हसणाऱ्या तोंडात दाणा राहत नाही. ठसका लागतो, दाणा बाहेर येतो आणि चोर सापडतो. रंगूबाई तर दरवर्षी सापडायची. शेजारची रंगूबाई, अंगाने भक्कम आणि हसायला उतावीळ. तिच्या तोंडातून दाणे उडाले की सोपा दुप्पट हसायचा, आणि मग अंजना भूत पुन्हा हळूच आत आणायची.

यंदा चैत्रात तार आली. अंजनाचा नवरा नाथाजी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. शाळेच्या मास्तरांनी तार वाचली आणि म्हणाले, "बेपत्ता."

"म्हंजी काय वं?" सासूने, भामाबाईने, विचारले.

"म्हणजे सापडत नाही, भामाबाई."

"हरवायला त्यो काय कोकरू हाय?" भामाबाई म्हणाली, आणि आत जाऊन पीठ चाळायला बसली.

त्यानंतर घरात कुणी रडले नाही. मेल्यासारखे रडावे तर जिवंत असला तर त्याला बाधेल. हसावे तर मेला असला तर लोक काय म्हणतील. अंजनाच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या आणि कपाळावरचे कुंकूही. ती सकाळी कुंकू लावताना बोटाकडे बघायची, जणू ते बोट दुसऱ्या कुणाचे होते. लेकीला अंगावर घ्यायची, दूध यायचे, लेक प्यायची. देहाला सारे पाठ होते. तिला स्वतःला काही लागत नव्हते. पायाला मुंग्या आल्यावर जमीन जशी दूर जाते, तसे सगळे दूर गेले होते.

भामाबाईचे निराळे. तिने अन्न टाकले. उपास नव्हे, नवस नव्हे. ताट पुढे यायचे, ती भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, आणि तो तुकडा ताटातच ठेवून उठायची. म्हणायची, "गिळवंना." अंजनाने आंबील केली, खीर केली, देवाची शपथ घातली. भामाबाई दोन घोट घेऊन वाटी सरकवायची. गळ्याची हाडे वर आली. लुगड्याच्या निऱ्या कमरेला ठरेनात. वैद्यांनी नाडी बघितली आणि बाहेर येऊन अंजनाला म्हणाले, "असंच चाललं तर पावसाळा काढायची न्हाई म्हातारी."

म्हणून अंजनाने तिला शेंगा फोडायला नेले. निदान चार बायकांत बसेल, एवढाच विचार. लेकीची झोळी खुंटीला बांधली आणि दोघी शेजारी बसल्या.

"अंजे, सांगतीस न्हवं?" रंगूबाईने जरा चाचरतच विचारले. "न्हाई सांगितलंस तरी चालंल, बाई."

"सांगती की," अंजना म्हणाली. तिला काहीच वाटले नाही. तोंडाने गोष्ट सुरू केली, ती ऐकत राहिली.

गोष्ट एका कासाराची होती. बांगड्यांचे ओझे पाठीवर घेऊन तो दिवस मावळायला खिंडीतून निघाला आहे. चालला की बांगड्या किणकिणतात, थांबला की थांबतात. खिंडीच्या मध्यावर तो चिलीम पेटवायला थांबला.

"त्यो थांबला," अंजना म्हणाली, "पर बांगड्या थांबल्या न्हाईत."

सोप्यातली कडकड मंदावली. कासाराने पाठीवरचे ओझे दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. किणकिण चालूच. मागून. जवळ येणारी. सोपा गप्प झाला, आणि तेवढ्यात अंजनाने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितले. भामाबाईच्या अंगठ्याने शेंग फोडली, दाणा तिच्या तोंडात गेला, आणि तिचे जबडे हलू लागले. तिला पत्ताही नव्हता.

पण अंजनाच्या तोंडाला सवय होती. आवाज थांबला की विनोद. तो आपसूक बाहेर पडला. कासार वळला आणि अंधाराला म्हणाला, "बाई, पसंत पडत्याल तर बघ, पर माल हाताळून ठेवू नगंस!" रंगूबाई खदखदून हसली, दाणे उडाले, शालूबाईंनी "घावली, घावली!" केले. त्या गलक्यात भामाबाई जागी झाली. तिने तोंडातले तळहातावर काढले, त्याच्याकडे परक्या वस्तूसारखे बघितले आणि फुटक्या दाण्यांत ठेवून दिले.

त्या दिवशी घरी येईपर्यंत अंजना एकच गोष्ट घोळवत होती. सासूच्या पोटात जे काही जाणार आहे, ते भीती आणि हसू यांच्या मधल्या जागेतच जाणार आहे. ती जागा लांबवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिने खिंडीत कासाराला पुन्हा उभे केले आणि हसवायचे नाही असे ठरवून टाकले. किणकिण कासाराच्या कानापाशी आली. त्याने मान वळवली, कुणी नाही. तो चालू लागला, किणकिण पुढे झाली, आणि आता ती त्याला वाट दाखवत होती. एक शेंग फुटेना. सोप्यात नुसती जबड्यांची कुरुमकुरुम. भामाबाईने एक दाणा खाल्ला, मग दुसरा. अंजना आवाज खाली नेत गेली.

"अंजे," शालूबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "हसीव की गं आता कुणाला तरी."

अंजनाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. भीती आणखी ताणली. आणि ताणताना चुकली. रोज जे डोळ्यांसमोर होते तेच तोंडात आले. "हिकडं घरी," ती म्हणाली, "त्याची आई दारात हुबी. भाकरी झाकून ठेवल्याली. आनि वाटंवर कोन दिसंना."

भामाबाईचा हात तोंडाजवळ जाऊन थांबला. तसाच, हवेत. दाणा बोटांत. चेहऱ्यावर काही नाही, डोळ्यांत काही नाही. फक्त हात खाली यायला लागला.

अंजनाला त्या क्षणी कळले की नुसती भीती पुरत नाही. फार ताणली की ती गोष्टीतून बाहेर येते आणि आपापल्या घरी जाऊन बसते. आणि मोठे हसू आणले तर म्हातारी कालच्यासारखी जागी होणार. पाहिजे होते ते हसू अगदी बारीक. नाकातून निघणारे, ओठ न उघडणारे. भाकरीवर मीठ टाकताना बोटांत जेवढे राहते तेवढेच.

तिने आईला दारातून घाईने आत घातले आणि खिंडीत परत आली.

"मग कासाराच्या म्होरं अंधारातनं एक हात आला," ती म्हणाली. "नुसता हात. बाकी बाई न्हाईच. हाडकुळा, थंडगार, मनगट म्होरं केल्याला. कासाराची बोबडी वळली. पळावं तर पाय उचलंना. पर जलमभर एकच काम केल्यालं. हात दिसला की धरायचा. त्यानं त्यो हात धरला, माप बघितलं, आनि सवयीनं म्हनला..."

तिने थांबून एक शेंग फोडली.

"म्हनला, हात ढिला सोड, बाई. असा ताठ धरलास तर बांगडी चढायची न्हाई."

ओळीतून एक बारीक हुंकार गेला. हसू म्हणावे तर हसू नव्हे. प्रत्येकीने कासारापुढे बसून हे वाक्य ऐकलेले होते, लग्नात, डोहाळजेवणात, संक्रांतीला. रंगूबाईने पदर तोंडात कोंबला. भामाबाईच्या नाकातून हलका वारा निघाला, खांदे एकदा वरखाली झाले, आणि खाली येणारा हात पुन्हा वर गेला. दाणा तोंडात गेला.

"मग?" भामाबाई म्हणाली. तार आल्यापासून तिने कुणाला काही विचारले नव्हते.

"मग त्या हातानं हळूहळू बोटं सैल सोडली," अंजना म्हणाली, आणि पुढची भीती चमच्याने भरवावी तशी थोडी थोडी देत राहिली. जरा भीती, मग कासाराची एखादी सवय, मग पुन्हा भीती. कुठली बांगडी घालावी याची त्या मुडद्याशी त्याने घातलेली हुज्जत. हिरवी की निळी. तिला लेकीचे जेवण आठवले. एक घास, मग चिऊ दाखवायची, चिऊकडे बघत असतानाच दुसरा घास.

शालूबाई उठल्या. ओळीपुढून चालू लागल्या, एकेकीच्या गालाकडे बघत. सगळ्याच खात होत्या. बियाणाची अशी नासाडी त्या घरात कधी झाली नसेल. रंगूबाईपुढे त्यांनी डोळे मोठे केले. मग भामाबाईपुढे आल्या आणि थांबल्या. अंजनाने गोष्ट सोडली नाही. शालूबाईंचे तोंड उघडले. आता काही बोलल्या असत्या तर सारा सोपा हसला असता आणि सारे मोडले असते. त्यांनी तोंड मिटले. पायाने शेंगांचा ढीग भामाबाईकडे सरकवला आणि जाऊन उंबऱ्यावर बसल्या.

त्या दिवशी ढीग फारसा कमी झाला नाही, दाणे मात्र बरेच कमी भरले. कुणी कुणाला बोल लावला नाही.

दिवे लागायच्या वेळी दोघी घरी निघाल्या. अंजनाच्या खांद्यावर लेक झोपलेली. भामाबाई पुढे चालत होती. दारापाशी आली तशी न वळता म्हणाली, "त्या कासाराचं काय झालं गं?"

"उद्या सांगती, आत्याबाई."

"उद्या नगं. आत्ता सांग. मेला का आला?"

अंजना लेकीला सावरत उभी राहिली. तिने आत शोधले. कासार खिंडीतच होता, हात हातात धरून. पुढे काही नव्हते. खोटे सांगायला तोंड तयार होते, पण तिने खरे तेच सांगितले.

"मला ठावं न्हाई, आत्याबाई."

"तुजीच गोस्ट न्हवं?"

"माजीच. पर मला ठावं न्हाई."

भामाबाईने कडीला हात लावला. मग म्हणाली, "लय कठीन गोस्ट केलीस, पोरी." आणि कडी काढली.

आत अंजनाने दिवा लावला, लेकीला पाळण्यात ठेवले, चूल पेटवली. भामाबाई भिंतीशी बसून विस्तवाकडे बघत होती. अंजनाने भाकरी टाकली, उलटली, फुगली तशी काढली. तिला भूक नव्हती, झोप नव्हती, दुःखही नव्हते. फक्त तवा तापला होता.

"मला वाढ," भामाबाई म्हणाली. "अर्धीच."

अंजनाने भाकरी मोडली. अर्धी सासूच्या ताटात घातली. भामाबाईने तुकडा कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला. घास गळ्याखाली गेल्यावर तिने दुसरी अर्धी सुनेकडे सरकवली.

"तूबी खा," ती म्हणाली. "तूबी न्हाई खाल्लंस तवापास्नं. मी बघती न्हवं?"

अंजनाने तुकडा मोडला. भाकरी गरम होती. बोटाला चटका बसला, आणि तो तिला कळला.