भंडारा उचलून वाचलेला कागद

सदतीस सालात आमी सांगोल्याकडची धनगर माणसं लोकर इकायला सोलापूरच्या बाजारात आलो. तितं चन्नप्पा नावाचा दलाल नव्या लोकर गिरणीचे शेअर खपवत हुता. "लोकर तुमचीच, गिरणीबी तुमचीच की!" म्हणायचा. आमच्या धन्याला, सिद्धनाथाला, हे लई ग्वाड लागलं. समदा कळप इकून शेअर घ्यायचं म्हणून बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यातल्या किती मेंढ्या मी कोकरं असताना मांडीवर घेऊन जगवल्या हुत्या!

"अवो, मेंढरू घेताना तोंड उघडून दात बघता, आन् गिरणी नुसत्या बोलण्यावर घेता व्हय?" मी म्हणलं.

चन्नप्पा हसला. "बाई, सरकारनं कायदा बदललाय. कंपनीला आतलं समदं छापावं लागतं. दडवलं तर आमच्याच गळ्याशी येतं." त्यानं इंग्रजी छापील कागद दावला.

"मंग वाच की मराटीत! आन् आदी बिरोबाचा भंडारा उचल."

भंडारा हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत न्हाय. बोलला तर वंश बुडतो म्हणत्यात. भवतीनं माणसं जमली. चन्नप्पानं भंडारा उचलला, कपाळाला लावला आन् वाचत गेला. गिरणीची जागा चेअरमननं सोताच घेऊन कंपनीला चौपट भावानं इकली हुती. यंत्रं जुनी, ती त्याच्या मेव्हण्याची. फायदा हुवो न हुवो, चेअरमनचा पगार चालूच.

सुटलो गं बया, मी मनात म्हणलं. आता कोण घेतंय!

तर आमचे धनी उठले. "बघा रं! सोताचं वाईट भर बाजारात सांगणारा यापारी कवा बघितलाय का? ह्यो माणूस खरा हाय."

समद्यांच्या माना हालल्या. लोक अंगठं उठवाय लागले.

मी वरडले, "अवो, माणूस खरा म्हणून गिरणी चांगली हुती व्हय? चोर सांगून आला तर त्याला पाट मांडता का?"

"भंडाऱ्यावर शंका घेतीस?" धनी म्हणले. भंडारा मीच मागितला हुता. पुढच्या बाजारी कळप गेला, आन् मी मेंढ्यांकडं बघितलंबी न्हाय.

गिरणी दोन वर्सांत बसली. आमी कोर्टात वकिलाकडं गेलो. त्यानं समदं ऐकून घेतलं आन् पुसलं, "कागदातलं काही तुमच्यापासून लपवलं होतं का?"

"न्हाय," धनी म्हणले. "हिनं समदं वाचून घेतलं, शंभर माणसांम्होरं."

"मग काही करता येणार नाही," वकील म्हणला. "लपवलं असतं, तर पैसे परत मागता आले असते."

कोर्टाच्या पायरीवर बसून मी भडाभडा रडले. धनी शेजारी उभे हुते.