खंड्या थेट घरी आला

चोराने चष्म्याच्या दुकानातून महागड्या फ्रेमा लांबवल्या आणि बदल्यात एक मोजा ठेवून गेला. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून गड्याने हातांत मोजे चढवले होते. एवढी अक्कल पाजळली, पण पळताना एक मोजा झरोक्याच्या खिळ्याला अडकला.

खंड्याला बोलावणं गेलं. खंड्या पोलिसांचा कुत्रा. त्याला सांभाळणाऱ्या शिपायाला ठाण्यात सगळे 'कुत्रेवाला' म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. खंड्या राहायलाही त्याच्याच घरी होता. अलीकडे खंड्याचे माग फसत होते. मागचा तर बसथांब्यावर जाऊन संपला. चोर बसने गेला यात कुत्र्याचा काय दोष? पण साहेबांनी बजावलं होतं, "आता चुकला तर पथकातून नाव कमी."

खंड्याने मोजा हुंगला आणि शेपटी हलवली. पुरावा बघून खूश व्हायची त्याची रीत नव्हती. कुत्रेवाल्याला ते खटकलं, तरी त्याने दोरी सैल सोडली.

खंड्या मागच्या बोळात शिरला, लाँड्रीला वळसा घातला, मोडक्या कुंपणाखालून सरपटला, एका खांबापाशी बराच वेळ घुटमळला आणि शेवटी कुत्रेवाल्याच्याच दारात येऊन उभा राहिला.

मागोमाग आलेले साहेब पोट धरून हसले. "अरे, भूक लागली याला! चोर राहिला बाजूला, हा जेवायला घरी आला!"

कुत्रेवाला हसला नाही. घरचा रस्ता दोघांच्या रोजच्या पायाखालचा होता, आणि तो हा नव्हता. शिवाय खंड्याने स्वयंपाकघरातल्या आपल्या थाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तडक आतल्या खोलीत गेला आणि मेहुण्यासमोर बसला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि ते चार दिवस काही केल्या संपत नव्हते. आई गेल्यावर बायकोनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. अजूनही ती त्याच्या ताटात आधी वाढायची, मग नवऱ्याच्या.

"भावोजी, लाडात आलाय हो हा," मेहुणा म्हणाला.

लाडात आला की खंड्या अंगावर उड्या मारायचा. आता तो ताठ बसून कुत्रेवाल्याच्या खिशाकडे बघत होता.

खिशात चेंडू होता. माग बरोबर निघाला की चेंडू, चुकला की काही नाही. खंड्याला एवढा एकच कायदा माहीत होता, आणि तो ठाण्यात आणि घरात सगळ्यांना ठाऊक होता. चेंडू दिला की मेहुणा गेला. नाही दिला तर खंड्या गेला, आणि वर बरोबर असूनही आपण चुकलो असं समजून गेला. कुत्रेवाल्याला हे दुसरंच जास्त लागत होतं. बायकोच्या सख्ख्या भावापेक्षा कुत्र्याचं जास्त लागावं, याची त्याला लाज वाटली.

"चला, उगाच वेळ नको," साहेब म्हणाले. "कुत्रा चुकला, असं लिहून टाकतो. चुकला ना?"

कुत्रेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती ओले हात पदराला पुसत दारात उभी होती.

ती भावाकडे बघत होती. भाऊ फरशीकडे बघत होता. लहानपणी काही फोडलं की तो असाच खाली बघायचा, आणि ती त्याला पाठीशी घालायची.

"काय गं ताई," तो फरशीलाच म्हणाला, "सांग ना यांना."

तिचे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती पुसतच राहिली. मग तिने पदर सोडला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "केव्हाचा वाट बघतोय तो. द्या त्याला चेंडू."