पेट्रोलवरचं पुणं

"काका, गाडी ठरवायच्या आधी महिनाभर वही ठेवा," शोरूममधला दिपक म्हणाला. "रोज कुठे, किती किलोमीटर जाता ते लिहा. मग कळेल, चार्जिंग आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी घ्यायची की नुसती बॅटरीची."

मला वही ठेवायला शिकवतोय! चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो मी. सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, थांबलो तर का थांबलो, सगळं लिहीत आलो. खोटी नोंद एकही नाही.

विठाला, माझ्या बायकोला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला होटगीहून सोलापूरला न्यावं लागतं. शेजाऱ्याची गाडी किती दिवस मागायची? हे जाणं-येणं घरच्या चार्जिंगवर आरामात भागलं असतं. पेट्रोल मला हवं होतं ते पुण्यासाठी. तिथे आमच्या लेकीची, दीक्षाची, मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली. तिला इकडे आणता येत नाही, आणि विठाने नातीला अजून फोनवरच पाहिलंय. खिशात रेल्वेचा पास आहे, पण विठाला आता डब्याची पायरी चढवत नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या एका दिवसात जाऊन परत यायचं, तर वाटेत चार्जिंगला तास तास उभं राहून कसं चालेल?

महिना संपत आला. वहीत नुसतं सोलापूर, सोलापूर, सोलापूर. त्यातच डॉक्टरांनी बजावलं, आता इतका लांबचा प्रवास नको. कधीच नको, असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

त्या रविवारी घरात बसूनच मी वहीत लिहिलं: होटगी सुटली ५.१०. मोहोळ ६.०५. टेंभुर्णी, थांबा, चहा. पुणे १०.२०. निदान वहीने तरी हो म्हणावं, एवढंच वाटत होतं. लाज वाटली, पण लिहिलं.

दिपक घरी आला. विठा खाटेवर पडून ऐकत होती. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, "काका, लांबची फेरी एकच आहे. एवढ्यासाठी पेट्रोलचं इंजिन कशाला? बॅटरीची घ्या."

"बघू वही," विठा म्हणाली. ती बोट फिरवत वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"टेंभुर्णीला चा घेतला व्हय आपण?"

"घेतला."

"मी बी?"

"अर्धा कप." तिचं पाणी मी घरातसुद्धा मापानेच देतो.

"पोरगी मांडीवर दिली का दीक्षानं?"

"दिली."



"पर हितं परतीची येळ न्हाय की वो."

ती लिहायला माझा हात धजलाच नव्हता. कागदावर का होईना, नात तिच्या मांडीवर होती. तिथून विठाला उठवायचं कसं?

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. "सोलापूरपतोर जाईल तेवढीच घ्या. मला आता तितंच जायचंय. आन् ती वळ खोडा. चौतीस वर्सांत असलं कदी केलं न्हाय तुमी."

गार्डने रजिस्टरचं पान फाडायचं नसतं. चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. दिपक बॅटरीच्या गाडीचा फॉर्म घेऊन थांबला होता. मी आधी पुण्यावर रेघ ओढली आणि सही केली.