लाल चिंधीचा डबा

नेरडीगोंड्याच्या शाळेत चारुशीला मॅडमनी नुसती मान वर केली, तरी मागच्या बाकावरची पोरं गप्प होत. आदिलाबादला, स्वतःच्या घरात, तिच्या दोन अपत्यांवर या मानेचा काहीही परिणाम होत नसे. अपूर्व पाचवीत, जान्हवी दुसरीत. अभ्यासात दोघं बेताचेच. पण नाही म्हणायला मात्र तीन भाषांत तयार. घरी "नको", शाळेत शिकलेलं तेलुगू "वद्दू" आणि पाहुण्यांसमोर "नो थँक्यू".

या मान्यवरांच्या डब्यासाठी चारुशीला दर रविवारी नानकटाई करायची. मैदा पोटाला वाईट म्हणून ज्वारीचं पीठ, साखर दातांना वाईट म्हणून गूळ, आणि तूप घरच्या सायीचं. सकाळभर मळायचं, गोळे थापायचे, प्रत्येकावर काट्याच्या चमच्यानं रेघा ओढायच्या आणि पातेलं घेऊन चौकातल्या चाचांच्या बेकरीत जायचं. सामान आपलं, भट्टी त्यांची. संध्याकाळी डबा भरून तयार. सगळ्यांचे पत्र्याचे डबे सारखेच, म्हणून तिनं आपल्या डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधली होती.

सोमवारी ती नानकटाई शाळेत जायची आणि सोमवारीच परत यायची. फिरायला नेल्यासारखी.

"काऊन नाई खाल्ली?"

"वास येते," अपूर्व म्हणायचा.

"कशाचा?"

"चांगल्या गोष्टीचा."

जान्हवीचं कारण वेगळं असे. "मम्मी, हे मातीवानी दिसते. बाकीच्यायचे बिस्किटं पांढरे राहते."

मग उरलेली नानकटाई चारुशीला नेरडीगोंड्याला जाताना बसमध्ये खायची. निदान खाणारीला तरी कळायचं, की चांगली झाली आहे. पण आपणच करायचं आणि आपणच वाहवा म्हणायचं, हे तिला आता बोचू लागलं होतं. तिला फार काही नको होतं. दोघांपैकी कुणीतरी एकदा, न विचारता, "मस्त झाली" म्हणावं. पेपर तपासून देते त्यातल्या एका मार्काइतकं. मोठ्या मनानं दिलेला ग्रेस मार्कही चालला असता.

एका रविवारी पेपरांचा गठ्ठा संपेना, म्हणून डबा आणायला तिनं नवऱ्याला, विनयला पाठवलं. तो आला, डबा टेबलावर ठेवला आणि मोबाईल घेऊन बसला. चारुशीला स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. बाहेरून आवाज आला.

"मम्मी! आज काऊन इतकी मस्त झाली?"

तिचा हात परातीतच थांबला.

"मी चार घेतो!" अपूर्व.

"मले पण! दादा, सोड ना!" जान्हवी.

"शेवटी जमलं बॉ तुले," विनयनं दिलदारपणे जाहीर केलं.

चारुशीलानं तव्यावरची भाकरी उलटली. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं म्हणावं, तर गॅसला धूर नव्हता. मग पदराला हात पुसत, आता आपण काय बोलावं याचा मनात सराव करत ती बाहेर आली आणि डब्यात डोकावली.

पांढरी शुभ्र मैद्याची नानकटाई. वर रंगीत टुटीफ्रुटी. काट्याच्या रेघा नाहीत.

"विनय, हा डबा कोणाचा आणला?"

"लाल चिंधी होती ना? तूच म्हणाली, लाल चिंधी."

बेकरीत ती पोचली तेव्हा चाचा दोन्ही हात हलवत एका बाईला समजावत होते, "अम्मा, डब्बे दोनों एकीच जैसे, चिंधी भी लाल, मैं क्या करूं?" त्या बाईच्या हातात चारुशीलाचा डबा होता. अर्ध्याहून रिकामा.

"ही काळी बिस्किटं तुमची का?" बाईनं विचारलं.

"काळी नाई. ज्वारीची."

"ताई, आमच्या पोरानं जेवण सोडून खाल्ली! अन् मी भैंशाहून आईनं पाठवलेलं तूप घालून करते, तर पोरगा म्हणते, ही लहान पोरायची बिस्किटं हायेत." बाईचा आवाज चढला. "लहान पोरायची! स्वतः कोण लागून गेला? अजून बुटाची लेस मी बांधते!"

तिचं नाव शुभांगी. तिचा हर्षदीप अपूर्वच्याच वर्गात निघाला. दोघी बाकावर बसल्या. आधी पोरांना मनसोक्त शिव्या घालून झाल्या, मग नवऱ्यांना. शेवटी शुभांगीच म्हणाली, "अशीच अदलाबदल चालू द्यायची का? पोटात तर जाईन."

चारुशीलाला ते आवडलं नाही. दुसरीच्या हातचं वाखाणताना आपण ऐकायचं? पण सोमवारी परत येणारा डबा डोळ्यांसमोर आला. "घरी कोणाले सांगायचं नाई," एवढीच अट तिनं घातली.

दर रविवारी चिंध्या तशाच राहिल्या, घरं बदलली. डबे रिकामे येऊ लागले. सासूबाईंपर्यंत फोनवर कीर्ती गेली, की चारूला आता बिस्किटं येतात. चारुशीला ती वाहवा मान खाली घालून स्वीकारायची. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

अन् चारुशीला रजेवर घरी असताना एका दुपारी अपूर्व शाळेतून आला तो थेट स्वयंपाकघरात. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, उलगडली. आत अर्धी नानकटाई. तपकिरी. वर काट्याच्या रेघा.

"खाऊन पाय."

"काय हाय हे?"

"हर्षदीपच्या मम्मीनं केली. तुझी पण चांगली राहते," त्यानं सांभाळून घेतलं, "पण रोज रोज तेच पांढरं. हिचा वास पाय ना कसा येते!"

चारुशीलानं वास घेतला. चांगल्या गोष्टीचा येत होता.

महिनोनमहिने ज्या नानकटाईकडे डोळे वर करून पाहिलं नाही, तिला तो ओळखणार तरी कसा? सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. वर्गात उभं करतात तसं उभं करून सांगावं.

"अर्धीच काऊन?"

"त्यानं एकच दिली. मी पूर्ण खाणार होतो," अपूर्व जमिनीकडे बघत म्हणाला, "मग म्हटलं, मम्मीले ठेवू. तू नुसती करते, खात तर कधी नाई."

चारुशीलानं तुकडा तोंडात टाकला. रुमालाचा थोडा वास लागला होता, कडेला पेन्सिलीची भुकटी होती. तिनं सावकाश चावला.

"मस्त हाय ना?"

"मस्त हाय," ती म्हणाली. तिनं रुमाल झटकला. "हर्षदीपच्या मम्मीले विचारते. शिकून घेते."

अपूर्वनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काळजी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"विचार. पण तुले जमन का?"