रेनाटाच्या मुलाखतीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, एका कॉलेजच्या कपाटात राहतो. मुलाखतीला घालायला ज्यांच्याकडे धड कपडे नसतात, ते मला उसना नेतात. नवा होतो तेव्हा एका वकिलाने मला दिमाखात मिरवलं. पोट सुटल्यावर इथे देऊन टाकलं. पुढे मी कितीजणांना नोकऱ्या मिळवून दिल्या, पण कौतुक व्हायचं ते टायचं!

एका हिवाळ्यात मला रेनाटा वोयनार घेऊन गेली. तिची पदवी नाटकाची, आणि जायचं होतं डॉक्टरकीला. तिथे त्यासाठी कुठलीही पदवी चालते, पण विज्ञानाचे विषय लागतात. दिवसा हॉटेलात काम करून तिने संध्याकाळच्या वर्गांत रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पुरं केलं होतं. आदल्या वर्षी सगळीकडून नकार आला होता. यंदा एकाच मेडिकल कॉलेजने मुलाखतीला बोलावलं होतं.

तिचे वडील स्टॅन बर्फ हटवायची गाडी चालवत.

"नाटकाने पोट भरलं नाही, म्हणून आता डॉक्टरकीचं नाटक का?"

"बाबा, नाटक असतं तर एवढं रसायन शिकले असते का मी?"

"पाठांतर तुझं पहिल्यापासूनच चांगलं!"

डॉक्टरकीच्या मुलाखतीत एका खोलीत पगारी नटी रुग्णाची आई होऊन बसते. तिला वाईट बातमी सांगायची असते. रेनाटाला वाटलं, हे तर आपलं घरचं मैदान! आवाज खाली आणून, हात छातीशी नेऊन तिने असं काही सांगितलं, की मलाही भरून आलं.

"छान बोलता हो डॉक्टर," ती बाई थंडपणे म्हणाली. "पण माझा मुलगा वाचेल का?"

रेनाटाने छातीवरचा हात खाली घेतला. तिचं काळीज माझ्या अस्तराआड धडधडत होतं. मग खुर्ची ओढून ती बाईजवळ बसली.

"मला माहीत नाही," ती साध्या आवाजात म्हणाली. "पण मी आहे इथे."

वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. यंदाही बुडाले, असंच समजून घरी आली.

बर्फ वितळल्यावर फोन आला. तिला प्रवेश मिळाला होता.

स्टॅननी टीव्ही बंद केला आणि ब्रश घेऊन मला झटकायला बसले. "परत द्यायचाय ना? नीट द्यावा." रेनाटा आत गेली, तसं त्यांनी माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले. "पोरीला एकटीला पाठवलं मी," एवढंच म्हणत होते.

मित्रांनो, आता माझी कोपरं विरली आहेत. मला कसर लागू देऊ नका, अजून पुष्कळांना मला घालून मुलाखतीला जायचंय. आणि तुमच्या घरातून कोणी उशिरा, वेगळ्या वाटेने निघालं, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. ते काम उसन्या कोटाला जमत नाही.