चालत सात मिनिटे

गोदामाची लांबलचक भिंत संपत आली तेव्हा मोजणीदाराची बायको बाजूच्या कठड्याला टेकली. पूर्ण बसली नाही, कारण एकदा बसले की पुन्हा उठणे जिवावर येते हे तिला पक्के ठाऊक झाले होते. मोजणीदार तिची पिशवी सांभाळत शेजारी उभा राहिला. मागे नव्या बसकेंद्राचे काचेचे छप्पर अजून स्पष्ट दिसत होते आणि पुढे इस्पितळाचे फाटक अजून लांब होते.

"किती मिनिटं झाली?" तिने विचारले.

"दहा-बारा असतील."

"घड्याळ बघून सांगा."

एकवीस झाली होती. त्याने मनगटाकडे पाहून तेरा सांगितली. आयुष्यभर आकड्यांशी इमान राखलेल्या माणसाला खोटे बोलणेही धड जमत नव्हते. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि काय ते ओळखले.

"तिथं पाटीवर सात लिहिलंय," ती म्हणाली. "लोक सातात पोचतात, आणि मी अजून इथंच. मागच्या महिन्यात इथवर पंधरा लागायची. म्हणजे मी उतरणीलाच लागले."

चल, उशीर होतोय, एवढेच मोजणीदार म्हणाला.

ती पाटी केंद्रातून बाहेर पडता पडताच दिसे. निळ्या खांबावर पांढरी अक्षरे: रुग्णालय, पुढे बाण, चालत ७ मिनिटे. साऱ्या शहराचा तिच्यावर विश्वास होता. टॅक्सीवाले तिच्याकडे बोट दाखवून हात झटकत. एवढ्याशा भाड्यासाठी रांगेतला नंबर कोण घालवणार? इस्पितळातली चाकांची खुर्ची फाटकाबाहेर येत नसे. पूर्वी बस थेट फाटकाशी थांबायची, पण वर्षापूर्वी केंद्र सुरू झाले आणि तो थांबा बंद पडला. बायकोची मूत्रपिंडे चार वर्षांपूर्वी निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा यायचे, चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचे, आणि पिळून काढलेल्या अंगाने हाच रस्ता परत तुडवायचा. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि दर वेळी घरापासून गाडी करणे निवृत्त माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

आणि ते सात तिच्या नवऱ्याचे होते. हे मात्र तिला माहीत नव्हते.

शहर चहूबाजूंनी फुगत चालले होते तेव्हाची, बायको आजारी पडण्याआधीची गोष्ट. बसकेंद्र कुठे बांधायचे यासाठी वाहतूक खात्याने तीन जागा पाहून ठेवल्या होत्या. इस्पितळाच्या फाटकासमोरचा मोकळा भूखंड, बाजारामागचे मैदान आणि या जुन्या गोदामाचे अर्धे आवार. अट अशी, की केंद्रापासून इस्पितळ चालत दहा मिनिटांच्या आत हवे. नकाशात अंतर दिसते, पण रस्ता ओलांडताना किती खोळंबा होतो ते दिसत नाही, म्हणून कुणीतरी प्रत्यक्ष चालून पाहायचे. या कामाला मोजणीदाराइतका लायक माणूस खात्यात नव्हता. सहा फूट उंची, पायाला भिंगरी. ऑफिसात सगळे त्याला ढांगोबाच म्हणत. सोबतचा शिपाई धापा टाकत मागे पडला की याला मनातून गुदगुल्या व्हायच्या. एका सुट्टीच्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, तो गोदामापासून फाटकापर्यंत तीनदा चालला आणि तिन्ही वेळा सात मिनिटे भरली. त्यात एका सेकंदाची लबाडी नव्हती. कुणी काही चारले नव्हते, कुणाचा दबाव नव्हता. माणूस नाकासमोर चालणारा, तसाच तो चालला.

कागदावर शेजारी आणखी एक रकाना होता, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती सोबत असताना लागणारा वेळ. त्याच्या सोबत कुणी म्हातारे नव्हते की आजारी नव्हते. त्याने तो रकाना कोरा सोडला, खाली सही ठोकली आणि घरी जाऊन जेवला. गोदामाची जागा स्वस्तात मिळत होती. सात आकडा आला आणि गोदामाचे नक्की झाले.

आज बायकोला मशीनवर पोचवून तो तडक खात्यात गेला. तिथला साहेब एकेकाळी याच्या हाताखाली नकाशे रंगवायचा. साहेबाने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मोजणीदाराने फाटकाशी जुना थांबा पुन्हा सुरू करायची विनंती केली. साहेब म्हणाला, एक थांबा उघडला की दहा जण अर्ज घेऊन दारात उभे राहतील. मग निदान फाटकापर्यंत एखादी छोटी गाडी? ती फक्त दहा मिनिटांपलीकडच्या ठिकाणांना देता येते, आणि इस्पितळ सातावर आहे.

"ते सात चुकलेत," मोजणीदार म्हणाला.

साहेबाने फाइल मागवली, पान काढले आणि ते हळूच त्याच्यापुढे सरकवले. "सर, ही तुमचीच सही. तीनदा चाललात. तुमच्या आकड्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवायचो."

"आणि हा रकाना? कोरा आहे की हा."

"कोरा असला की फरक नाही असं धरतात, सर. तुम्हीच शिकवलंत मला."

खरेच होते. त्यानेच शिकवले होते.

"मग आता भरतो. चौतीस. आज सकाळीच मोजलीत."

साहेबाने फाइल मिटली. तो वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. चौतीस लिहिले की केंद्रच चुकीच्या जागी ठरते, आणि फाटकासमोरच्या भूखंडावर आता सहा मजले उभे राहिले आहेत, हे त्याने आजारी माणसाशी बोलावे तसे समजावून सांगितले. पुढचा आढावा पाच वर्षांनी होता. पाटी तरी बदला, मोजणीदार दारात म्हणाला. साहेबाने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवले.

संध्याकाळी घरी आल्यावर बायको चपलांसकट पलंगावर आडवी झाली. त्याने तिच्या चपला काढल्या. ती छताकडे पाहत म्हणाली, "परवापासून मी येणार नाही."

त्याला वाटले, थकून बोलते आहे.

"मशीनचं काही नाही हो. सुया सोसल्या मी. पण त्या रस्त्यावर मी किती उरले ते दर खेपेला कळतं. लोक सातात जातात."

तेव्हा त्याने सांगितले. पलंगाच्या कडेला बसून, मान खाली घालून, रिकामा रस्ता, तीन फेऱ्या, कोरा रकाना, सही, सगळे एका दमात ओकून टाकले. त्याला वाटत होते ती चिडेल. चिडली असती तर बरे झाले असते.

"म्हणजे ते सात तुमचे," ती म्हणाली. "मग मला आधी सांगायचं ना. वर्षभर मी स्वतःलाच बोल लावला." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तीस वर्षं मी तुमच्या मागून पळतेय. बाजारात, लग्नाकार्यात, दवाखान्यात. तुम्ही कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचात आणि म्हणायचात, किती वेळ लावतेस."

मोजणीदार रडला. मी तुला उचलून नेईन, म्हणाला. तिला हसू आले. उचलून न्याल तर सहाच मिनिटांत पोचू आणि पाटी बदलावी लागेल, असे ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऐकून बरं वाटलं. वाटलं होतं तेवढी मी खालावले नाही. पण दमले मात्र तेवढीच आहे."

परवाचा दिवस आला आणि गेला. मुलीने फोनवर रडून पाहिले. डॉक्टरांनी न येण्याचा अर्थ आडपडदा न ठेवता सांगितला. शेजाऱ्यांनी गाडी देऊ केली. किती दिवस, असे तिने विचारले. ती हट्टाला पेटली नव्हती, साध्या आवाजात नको म्हणत होती. मोजणीदाराने मनधरणी केली, रागावून पाहिले, एक वेळ जेवला नाही. तिने त्याला जेवायला लावले.

चौथ्या दिवशी दुपारी इस्पितळातून सिस्टरचा फोन आला. दोन खेपा चुकल्या होत्या. यादीत एक बाई कधीच्या ताटकळत होत्या. तुमची वेळ त्यांना देऊ का, असे सिस्टरने विचारले. त्याने फोन छातीशी धरला आणि आतल्या खोलीकडे पाहिले. बायको जागी होती, तिने सगळे ऐकले होते.

"द्या म्हणावं," ती म्हणाली.

"द्या," तो म्हणाला. सिस्टर फोन ठेवणार, तेवढ्यात त्याने तिला थांबवले. "त्या बाई बसनं येणार का?"

"बहुतेक. का हो?"

"मग त्यांना सांगा, हाताशी अर्धा तास ठेवून निघा म्हणावं. जास्तच, पण कमी नाही. मध्ये टेकायला फक्त गोदामाचा कठडा आहे."

"पण केंद्रावर तर सात मिनिटं लिहिलंय."

"ते चूक आहे," तो म्हणाला. "मी मोजलंय."

सिस्टरने बरं म्हणून लिहून घेतले. त्याने फोन ठेवला आणि आत जाऊन बायकोच्या पायथ्याशी बसला.