फोटोचा प्राण

रत्नागिरीतल्या त्या मंगल कार्यालयात लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी त्रिनेत्रबाबांसाठी लोटली होती. बाबा हरवलेला माणूस नुसत्या फोटोवरून शोधत. मुंबईत गेलेल्या कुणा केरूने घरी पाठवलेला फोटो आला, तर बाबांनी डोळे मिटून त्याच्या चाळीमागचा नालासुद्धा सांगितला! "अगो बाय!" म्हणत बायकांनी हात जोडले.

नियम एकच. फोटो बाबांच्या नंबरावर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायचा. "साधा पाठवलात तर वाटेत त्याचा प्राण उडतो," बाबा बजावत. वा रे प्राण! पण विचारतो कोण?

मधल्या रांगेत लीलाकाकी अडकित्त्यातल्या सुपारीसारख्या बसल्या होत्या. एका बाजूला त्यांना इथे ओढून आणणारा जावई शुभंकर, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. लेक वेदिका मार खाऊन खाऊन शेवटी सासरहून पळाली होती. कुठे आहे ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. "तुला ठाऊकच नसलं, तर तुझ्याकडून कोण काय वदवणार?" एवढंच म्हणाली होती. फक्त एक फोटो पाठवला होता, मागची भिंत-खिडकी ॲपमध्ये पुसून नुसता चेहरा ठेवलेला. पहिला धुरकट आला म्हणून काकींनीच मोठा, स्वच्छ, डॉक्युमेंट म्हणून मागून घेतला होता.

"पाठवा, सासूबाई," शुभंकर दबक्या आवाजात म्हणाला. "की मी घेऊ फोन?"

काकींनी मनाशी म्हटलं, पांढऱ्यावर नुसतं तोंड आहे, त्यातून हा काय ओळखणार, कपाळ! त्यांनी फोटो पाठवला.

बाबांनी फुलांनी सजवलेल्या टॅबलेटात पाहिलं आणि डोळे मिटले. "हेदवी... दशभुजा गणपतीच्या देवळाखाली... नारळाची वाडी... विहिरीमागचं कौलारू घर!"

काकींना एकदम आठवलं. हेदवीला वेदिकाची मैत्रीण राहत होती! आपल्याच हाताने पोरीला धरून दिलं आपण. त्या उठायला गेल्या, तर विहीणबाईंनी मनगट घट्ट पकडलं.

"थांबा जरा!" मागून मनस्विनीबाई उठल्या. त्या शाळेत संगणक शिकवायच्या. "बाबा, माझ्या बहिणीचाही फोटो आलाय तुमच्याकडे. ती कुठे आहे?"

बाबांनी टॅबलेटात पाहिलं. चेहरा पाडला. "चहूकडे पाणी... अथांग समुद्र... तिची आशा सोड, मुली."

बाईंनी शेजारच्या मुलीला हाताला धरून उभं केलं. "ही अवनी, माझी बहीण. मघापासून इथेच बसलीय हो, कोरडी!"

सभागृह खदखदून हसलं. बाबा शनीचं काहीतरी पुटपुटू लागले.

"शनी नाही, फोन!" बाई म्हणाल्या. "फोटो काढला की फोन त्या फाइलीत जागेचे आकडे लिहून ठेवतो. साधा पाठवला तर ते गळतात, डॉक्युमेंट पाठवला तर तसेच राहतात. हाच यांचा प्राण! बाबा आकडे घेऊन नकाशा बघतात. मी आकडे बदलून भर समुद्रातले घातले, आणि बाबा बुडाले."

"भिंत पुसली तरी राहतात?" काकींनी कसंबसं विचारलं.

"तरी राहतात, काकी. ॲप चित्र पुसतं, आकडे नाही. खरं तर त्याने विचारायला हवं, ठिकाण ठेवू की काढू? माणूस लपवायला बघतोय आणि हे गुपचूप पत्ता सांभाळतंय, हा घातच."

शुभंकर हसला. "म्हणजे पत्ता खरा. आभारी आहे, बाई." त्याने गाडीची किल्ली काढली. "हेदवीला जायला जयगडची फेरीबोट मिळेल अजून."

मनस्विनीबाईंचा चेहरा पांढरा पडला. काकींना वाटलं, संपलं सगळं. बाबा खरा तरी फास, खोटा तरी फास.

आणि मग त्यांना संताप आला. हात हिसडून त्या धावल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या. इतके दिवस लाजेने झाकलेलं त्यांनी ओरडून सांगितलं, "ह्याने माझ्या वेदिकाचा हात मोडला! म्हणून पळाली ती!"

मग एक म्हातारी उठून काकींना खेटून उभी राहिली. मागोमाग बाकीच्या बायका. शुभंकर शिव्या देत राहिला, पण वाट काही मिळाली नाही.

काकींनी वेदिकाला फोन लावला. "बाय माझे, आत्ताच्या आत्ता घर सोड. मैत्रिणीला घेऊन पोलीस ठाण्यात जा. पत्ता मीच दिला गो."

"आई, मी तर सगळं पुसलं होतं!"

"सगळं नव्हतं पुसलं गेलं. जा आधी!"

फोन ठेवून त्या डोळे पुसत गर्दीकडे वळल्या. "बायांनो, फोटो पाठवण्याआधी त्यातलं ठिकाण काढा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पायावर डोकं ठेवण्याआधी विचारा, तुला हे कळलं कसं? मी नाही विचारलं. पोरगी ठाण्यात पोचल्याचा फोन येईपर्यंत आता माझ्या जिवाला थारा नाही."